ट्यूबवर नाव लिहिलंय म्हणून अँटिबॉडी तेच प्रोटीन पकडते का?

लॅबमध्ये नवीन आलेल्या माणसाला एक गोष्ट उशिरा लक्षात येते, ती म्हणजे ज्या प्रोटीनवर इथे सगळ्यांचं काम चाललंय ते प्रोटीन कोणी डोळ्यांनी बघितलेलंच नाहीये. पेशी मायक्रोस्कोपखाली दिसते, प्रोटीन नाही दिसत. आपण अगदी ठासून सांगतो की या पेशीत अमुक प्रोटीन वाढलं, पण खरं बघितलेलं काय असतं तर एका पांढऱ्या पडद्यावरची काळी आडवी रेघ, बास. आणि ती रेघ उमटते एका अँटिबॉडीमुळे, जी इवल्याशा ट्यूबमध्ये येते, बऱ्याचदा १०० मायक्रोलीटर म्हणजे दोनेक थेंब, आणि वर लिहिलेलं असतं "अँटी" आणि पुढे त्या प्रोटीनचं नाव. सगळा डोलारा त्या लेबलवर उभा.

तर ही अँटिबॉडी म्हणजे काय ते आधी बघू. आपल्या शरीरात जंतूंविरुद्ध ज्या तयार होतात त्याच या, लॅबमध्ये फक्त आपण त्यांना आपल्या कामाला लावतो. ती स्वतः एक प्रोटीनच असते, इंग्रजी वाय अक्षरासारखी, वजन साधारण १५० किलोडाल्टन (प्रोटीनचं वजन मोजायचं एकक), दोन जड साखळ्या साधारण ५० च्या आणि दोन हलक्या साधारण २५ च्या. वायचे जे दोन हात वर आलेत त्यांची टोकं प्रत्येक अँटिबॉडीत वेगळी असतात आणि पकडण्याचं काम तीच टोकं करतात. खालचा दांडा मात्र एका प्राण्याच्या एका प्रकारच्या सगळ्या अँटिबॉडीत जवळपास सारखा, हे पुढे कामाला येणार आहे म्हणून लक्षात ठेवा.

आता खरी गोम. अँटिबॉडी अख्खं प्रोटीन ओळखत नाही. तिला त्याचा एक बारीक तुकडा कळतो, सलग असेल तर पाच ते आठ अमिनो अ‍ॅसिड्स (प्रोटीन ही ज्या मण्यांची माळ असते ते मणी) एवढाच, याला एपिटोप म्हणतात. म्हणजे गर्दीत माणूस शोधायचाय पण तुम्हाला फक्त कान बघायची परवानगी आहे असं समजा. कानावरून माणूस ओळखता येतो, नाही असं नाही, पण भावाचा कान तसाच असू शकतो आणि कधी कधी कुठल्यातरी भलत्याच माणसाचाही.

किती सहज असू शकतो याचा ढोबळ हिशोब करून बघा. अमिनो अ‍ॅसिड्स २० प्रकारची, म्हणजे सहाच्या सलग माळा होतील २० चा सहावा घात, ६ कोटी ४० लाख. माणसात प्रोटीन बनवणारी जनुकं साधारण २०,०००, प्रत्येक प्रोटीन सरासरी चार-पाचशे अमिनो अ‍ॅसिड्सचं, म्हणजे सगळी मिळून एक कोटीच्या आसपास जागा. सहाच्या सहा जुळायलाच हवीत असं असेल तर ठीक आहे, नशीब बरं असेल तर तुमचा तुकडा एकमेव निघेल, पण अँटिबॉडी एवढी काटेकोर नसते, एखादं अमिनो अ‍ॅसिड इकडचं तिकडे झालं तरी ती चालवून घेते, आणि पाचच जुळायला लागत असतील तर माळा फक्त ३२ लाख, म्हणजे तोच तुकडा दुसरीकडे कुठेतरी सापडणारच.

हे सगळ्यात चांगलं समजतं प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवरून, कारण ती पट्टी म्हणजे अँटिबॉडीचाच खेळ आहे. ती शोधते गरोदरपणात वाढणारं एचसीजी नावाचं हॉर्मोन. याचे दोन भाग, अल्फा आणि बीटा. आता गंमत अशी की अल्फा भाग एचसीजीचा, अंडाशयाला हुकूम देणाऱ्या एलएचचा, एफएसएचचा आणि थायरॉइडला हुकूम देणाऱ्या टीएसएचचा, चौघांचा अगदी सारखाच आहे. म्हणजे अल्फाला धरणारी अँटिबॉडी वापरली तर गरोदर असो नसो, पट्टी सगळ्यांना होच म्हणणार. मग बीटा घ्यावा तर एलएचचा बीटा एचसीजीच्या बीटाशी साधारण ८० टक्के जुळतो, आणि एलएच तर गरोदर नसतानाही शरीरात असतंच. पण एचसीजीच्या बीटाला १४५ अमिनो अ‍ॅसिड्स आहेत आणि एलएचच्या बीटाला १२१, म्हणजे एचसीजीला मागे एक जास्तीची शेपटी आहे, ती एलएचला नाहीच. मग त्या शेपटीवर किंवा बीटाच्या ज्या भागात दोघं वेगळे आहेत तिथे पकडणारी अँटिबॉडी हवी. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या संशोधकांनी बीटा भागाविरुद्धच्या अँटिबॉडीने एचसीजी वेगळं मोजून दाखवलं आणि आजच्या टेस्टचा पाया तिथे पडला. म्हणजे कान कुठला निवडता यावर सगळं.

अँटिबॉडी बनते कशी, तर जुना रस्ता म्हणजे सशाला किंवा बकरीला माणसाचं ते प्रोटीन किंवा त्याचा तुकडा टोचायचा, काही आठवडे थांबायचं, परत टोचायचं, आणि मग रक्तातून अँटिबॉडी काढायची. प्राण्याच्या शरीरात अशी एकच अँटिबॉडी बनत नाही, शेकडो वेगवेगळ्या पेशी आपापल्या परीने वेगवेगळे तुकडे धरणाऱ्या बनवतात, म्हणून ही पॉलिक्लोनल. सिग्नल जोरदार मिळतो पण मिश्रण असतं, आणि तो ससा गेला की ते मिश्रण पण गेलं, पुढच्या सशाचं वेगळं. लेबल मात्र तेच, कॅटलॉग नंबर पण तोच! लॉट म्हणजे खेप बदलली आणि प्रयोग बंद पडला अशा कथा ऐकायच्या असतील तर कुठल्याही बायोलॉजीच्या पीएचडीवाल्याला चहाला बोलवा.

१९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन या दोघांनी जे केलं ते मला आजही भारी वाटतं. अँटिबॉडी बनवणारी बी पेशी लॅबमध्ये काही दिवसांत मरते, आणि मायलोमा म्हणजे कॅन्सरची पेशी मरतच नाही. मग त्यांनी दोघींना एकमेकींत मिसळून एक पेशी केली, हायब्रिडोमा. पण मिसळताना सगळ्याच पेशी नीट जोडल्या जात नाहीत, कॅन्सरच्या कितीतरी तशाच सुट्या राहतात आणि त्या भराभर वाढून सगळी डिश व्यापतील, मग हव्या त्या निवडायच्या कशा? तर यातली कॅन्सरची पेशी मुद्दाम अशी घेतात की तिच्यात एक एन्झाइम नसतं, आणि डिशमध्ये असं औषध घालतात की डीएनए बनवायचा नेहमीचा रस्ता बंद होतो, आडवाटेला ते एन्झाइम लागतं. सुटी कॅन्सर पेशी एन्झाइम नाही म्हणून मेली, सुटी बी पेशी तशीही मरणारच होती, उरली फक्त जोडलेली, जिला एन्झाइम बी पेशीकडून मिळालं आणि न मरण्याचा गुण कॅन्सरकडून. मग एकेक पेशी वेगळी वाढवली की एका पेशीची सगळी पिल्लावळ एकच अँटिबॉडी बनवते, ही मोनोक्लोनल. दोघांना १९८४ चं नोबेल मिळालं, नील्स येर्ने यांच्यासोबत, आणि या पद्धतीचं पेटंट त्यांच्याकडून घेतलंच गेलं नाही.

मोनोक्लोनल म्हणजे शुद्ध असं शिकवतात पण तेही शंभर टक्के खरं नाही. २०१८ मध्ये १८५ हायब्रिडोमा तपासले गेले तर जवळपास एक तृतीयांशमध्ये जास्तीच्या साखळ्या बनताना सापडल्या. शिवाय पेशी गोठवून ठेवलेल्या असतात, त्या मरतात, हरवतात. म्हणून आता जास्त भर रिकॉम्बिनंटवर आहे, अँटिबॉडीच्या जनुकाचा क्रम वाचून कॉम्प्युटरमध्ये ठेवायचा आणि हवी तेव्हा दुसऱ्या पेशींकडून बनवून घ्यायची. क्रम माहितीये म्हटल्यावर दहा वर्षांनी पण तीच अँटिबॉडी मिळणार, सशाच्या आयुष्यावर अवलंबून नाही. पण लक्षात घ्या, तीच मिळणार म्हणजे बरोबर मिळणार असं नाही, चुकीची असेल तर दरवेळी तीच चूक तितक्याच इमानदारीने मिळेल.

आता वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ती काळी रेघ काढायची पद्धत, कारण लॅबमधली बहुतेक भांडणं याच्यावरच होतात. पेशी फोडायच्या, प्रोटीन्स साबणासारख्या एसडीएसमध्ये उकळून सरळ करायची, जेलमधून करंट देऊन पळवायची, छोटी पुढे जातात मोठी मागे राहतात, मग ती सगळी एका पडद्यावर उतरवून घ्यायची. पडद्यावरची मोकळी जागा दुधाच्या पावडरने भरायची, हो खरंच दुधाच्या पावडरने, नाहीतर अँटिबॉडी सगळीकडेच चिकटते. मग पहिली अँटिबॉडी घालून रात्रभर थंडीत ठेवायचं. सकाळी धुवायचं आणि दुसरी अँटिबॉडी घालायची जी पहिलीच्या दांड्याला धरते, तो दांडा सारखा असतो असं वर सांगितलं ना, म्हणून ससा-विरोधी एकच दुसरी अँटिबॉडी सशाच्या सगळ्या पहिल्यांना चालते. दुसरीला एक एन्झाइम बांधलेलं असतं, ते प्रकाश पाडतं, आणि कॅमेऱ्यात रेघ येते. शेजारी वजनांची शिडी पळवलेली असते, तिच्यावरून रेघेचं वजन कळतं.

वेस्टर्न हे नाव दिशेवरून नाही हां, डीएनएचा असाच ब्लॉट एडविन सदर्न नावाच्या माणसाने काढला, मग आरएनएच्या ब्लॉटला गमतीत नॉर्दर्न म्हणाले आणि प्रोटीनचा वेस्टर्न झाला.

तुम्ही म्हणाल की मग सोपंय, वजन जुळलं की झालं. इथेच तर माणूस फसतो. प्रोटीनचं दिसणारं वजन आणि खरं वजन जुळेलच असं नाही. पी५३ चं उदाहरण घ्या, कॅन्सरवाल्यांचं सगळ्यात लाडकं प्रोटीन, ३९३ अमिनो अ‍ॅसिड्स, हिशोबाने वजन ४४ किलोडाल्टनच्या आत बसतं, पण जेलवर ते हळू पळालं, ५३ ला दिसलं आणि नावच पी५३ पडलं. प्रोटीनवर साखर लागते, फॉस्फेट लागतो, ते मध्येच कापलं जातं, एकाच जनुकाचे लांब आणि आखूड प्रकार असतात. म्हणजे रेघ चुकीच्या जागी आली तरी कारण शोधता येतं, आणि मनाला हवं ते कारण फार पटकन सापडतं. उलट रेघ बरोबर जागी आली म्हणजे प्रोटीन बरोबर असंही नाही, त्याच वजनाची शेकडो प्रोटीन्स तिथे असतात.

मी स्वतः यात अडीच महिने घालवलेत. प्रोटीनचं नाव सांगत नाही, कंपनीचं तर नाहीच नाही. डेटाशीटवरच्या फोटोत होती तशीच रेघ, त्याच वजनाला, एकदम स्वच्छ, औषध दिल्यावर थोडी वाढायची पण, मी ग्राफ वगैरे काढून ठेवलेले. मग दुसऱ्या एका कामासाठी नॉकआउट पेशी आल्या, म्हणजे क्रिस्पर ही जनुक कापायची पद्धत वापरून ज्या पेशींमधलं ते जनुकच तोडून टाकलंय, त्यात ते प्रोटीन बनूच शकत नाही. सहज म्हणून जेलमध्ये त्यांचाही एक कप्पा पळवला. रेघ होती. तेवढीच जाड, तेवढीच स्वच्छ. आधी वाटलं नॉकआउट फसला असेल, जनुक वाचून बघितलं तर ते व्यवस्थित तुटलेलं होतं, मग वाटलं ट्यूब उलटसुलट झाल्या असतील म्हणून परत केलं, परत तेच. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मला उत्तर माहीत होतं, फक्त मान्य करायचं नव्हतं.

असं का होतं याचं एक कारण लोक फार कमी बोलतात, ते म्हणजे कोण किती आहे. समजा अँटिबॉडी तुमच्या प्रोटीनला छान घट्ट धरते आणि दुसऱ्या एका प्रोटीनला हजारपट सैल धरते, ऐकायला काय मस्त वाटतं. पण ते दुसरं लाखपट जास्त असेल तर सिग्नल कोणाचा येणार? रक्तात तर ही तफावत भयंकर असते, एका मिलीलीटरमध्ये अल्ब्युमिन साधारण ४० मिलिग्रॅम आणि निरोगी माणसात इंटरल्युकिन-६ (शरीरात सूज आली की वाढणारं प्रोटीन) काही पिकोग्रॅम, म्हणजे हजार कोटीपटीच्या आसपास फरक. म्हणून अँटिबॉडी चांगली की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे, कुठल्या पेशीत, कुठल्या टेस्टमध्ये, कोणाच्या गर्दीत, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

टेस्टचं पण तसंच. फुलाफुलांच्या चादरीची घडी घातली की दोन लांबची फुलं शेजारी येतात, चादर उलगडली की परत लांब जातात. प्रोटीन पण घडी घातलेलं असतं. काही अँटिबॉडी अशा शेजारी आलेल्या दोन फुलांना मिळून ओळखतात, त्या वेस्टर्नमध्ये आंधळ्या होतात कारण तिथे आपण उकळून घडी मोडलेली असते. आणि उलगडल्यावरच दिसणाऱ्या आतल्या फुलावर बनवलेली अँटिबॉडी जिवंत पेशीवर काहीच पकडत नाही. पॅथॉलॉजीत टिश्यू फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, तिथे प्रोटीन्स एकमेकांना जखडली जातात, मग बफरमध्ये गरम करून ती थोडी सोडवावी लागतात, म्हणजे तिसरीच अवस्था. वेस्टर्नमध्ये पास झालेली अँटिबॉडी तिथे पास होईलच याची काहीच खात्री नाही.

मोठमोठे लोक यात अडकलेत. टोरंटोच्या एका टीमने स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी सीयूझेडडी१ हे प्रोटीन रक्तात मोजायला तयार किट घेतलं, आकडे सुंदर येत होते, दोन वर्षं आणि साधारण पाच लाख डॉलर गेल्यावर कळलं की किट पकडतंय सीए१२५, ओव्हरीच्या कॅन्सरचं आधीच माहीत असलेलं मार्कर! इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाची, म्हणजे इस्ट्रोजेन हॉर्मोन ओळखणाऱ्या पेशीतल्या एका प्रोटीनची, गोष्ट तर आणखी वाईट, १९९६ मध्ये तो सापडला, त्यावर ढिगाने पेपर आले, ब्रेस्ट कॅन्सरमध्ये त्याची भूमिका वगैरे, आणि २०१७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी १३ अँटिबॉडी नीट तपासल्या तर धड निघाली एक. आणि ती एक वापरून बघितलं तर ब्रेस्टच्या टिश्यूत तो रिसेप्टर दिसेचना, नॉर्मलमध्ये नाही आणि कॅन्सरमध्येही नाही.

आता तपासणी वाढलीये. २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने तपासायचे पाच मार्ग लिहून दिले. जनुक काढून किंवा दाबून बघा, अँटिबॉडी न वापरणाऱ्या पद्धतीशी ताडून बघा, त्याच प्रोटीनचा दुसरा कान धरणारी वेगळी अँटिबॉडी लावून बघा, प्रोटीनला टॅग म्हणजे ओळखीची खूण जोडून बघा, नाहीतर अँटिबॉडीने जे पकडलं ते मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे वजनावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्रात, घालून कोण आहे ते विचारा. माझं मत विचाराल तर पेशींवरच्या कामात नॉकआउटला तोड नाही, बाकीचे चार ते जमत नसेल तेव्हा. वायकॅरोस नावाच्या गटाने २०२३ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर केलं, ६५ प्रोटीन्स आणि ६१४ अँटिबॉडीज, प्रत्येक प्रोटीनसाठी नॉकआउट पेशी शेजारी ठेवून. अर्ध्याहून जास्त अँटिबॉडी कुठल्या ना कुठल्या टेस्टमध्ये नापास झाल्या, आणि सरासरीने प्रत्येक प्रोटीनमागे डझनभर पेपर असे सापडले ज्यात चुकीची अँटिबॉडी वापरलेली होती. रिकॉम्बिनंटवाल्यांचा निकाल सगळ्यात चांगला आला. यातली एक चांगली गोष्ट म्हणजे कंपन्या या कामात सोबत होत्या, आणि नापास झालेल्या काही अँटिबॉडी त्यांनी विक्रीतूनच काढून टाकल्या.

एक इशारा मात्र, ब्लॉकिंग पेप्टाइडला पुरावा समजू नका. ज्या तुकड्यावर अँटिबॉडी बनवली तोच तुकडा आधी तिला खायला घालायचा, मग रेघ गेली म्हणजे अँटिबॉडी खरी, असं डेटाशीटवर अजून दिसतं. पण तिचे हात भरले की ती खऱ्या प्रोटीनलाही धरत नाही आणि खोट्यालाही नाही, दोन्ही रेघा जाणार! यातून काय सिद्ध झालं? तसंच फक्त दुसरी अँटिबॉडी लावलेला एक कप्पा नेहमी ठेवा, फुकटात अक्कल मिळते. आणि अँटिबॉडीनेच प्रोटीन ओढून मग त्याचा ब्लॉट करत असाल तर ५० आणि २५ ला ज्या जाडजूड रेघा येतात त्या तुमच्या अँटिबॉडीच्याच साखळ्या असतात, त्यांच्यावर शोध लावलेली माणसं मी बघितलीयेत.

माझ्या प्रोटीनचं पुढे काय झालं, तर दुसरी एक रिकॉम्बिनंट अँटिबॉडी आणली, नॉकआउटच्या कप्प्यात ती एकदम कोरी आली. पण साध्या पेशींच्या कप्प्यात पण जवळपास कोरीच! मग आरएनएचे आकडे, म्हणजे पेशी ते जनुक किती वाचतेय ते, काढून बघितले, जे पहिल्या दिवशी बघायला हवे होते, तर आम्ही वापरत होतो त्या पेशी ते प्रोटीन नावापुरतंच बनवत होत्या. औषधाने वाढायची ती रेघ कोणाची होती हे मला आजही माहीत नाही. जुनी ट्यूब फेकली नाही, उणे २० च्या फ्रीजरमध्ये मागे पडलीये, लेबलवरचं नाव मार्करने खोडलंय आणि खाली लिहिलंय, "काहीतरी पकडते".